बाहेरची कडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडं येतं. शाळा चौथीतच सुटली. ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच, तर तेवढं सांभाळून घ्यावं. पण यात लिहिते ते खरं आहे. एकदा खोटं बोलून काय होतं ते मी बघितलं आहे.

खारघरच्या ज्या इमारतीत मी जिने पुसते, तिथं चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा कुणीतरी गळा दाबून खून केला. पोलिसांनी आमचे सगळ्यांचे जबाब घेतले. कित्येक महिने गेले, कुणी सापडलं नाही. त्या मजल्यावर फडकं मारताना मी घाई करायची. मागं लिफ्टचं दार वाजलं तरी मी वळून बघायची.

मग एक माणूस आला. घरं भाड्यानं लावून देणारा एजंट, पण न उलगडलेल्या खुनांचा आपणच तपास करतो म्हणून मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा. त्यानं माझ्या पदराला छोटा माईक लावला.

"मावशी, घाबरू नका. त्या दिवशी इस्त्रीवाला वर गेला होता ना?"

"हो."

"घाईत खाली आला ना?"

"हो."

"हातात बोचकं होतं ना?"

"हो."

इस्त्रीवाला रोजच वर जायचा, रोजच घाईत असायचा, बोचकंही रोजचंच. त्या दिवशी मात्र मी त्याला पाहिलंच नव्हतं. पण शिकलेला माणूस विचारतो म्हणजे त्याला ठाऊक असणार, आपण हो म्हणावं आणि सुटावं, ही माझी जन्माची सवय. त्यानं दोन हजार दिले. घरातला गॅस संपला होता. मी घेतले.

दोन दिवसांत व्हिडिओ सगळ्यांकडे पोचला. फाटकाजवळचं इस्त्रीचं टेबल कुणीतरी उलथवलं, निखारे रस्त्यावर सांडले. इस्त्रीवाला माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "ताई, तुमी मला बघितला काय? खरं बोला. लोक मारून टाकतील मला."

मी बादली उचलली आणि जिन्यात शिरले.

घरी लेकीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावला. शेवटी तो माणूस छातीठोकपणे सांगत होता, "खुनी जाताना बाहेरून कडी लावून गेला." मी चमकले. आजींच्या दाराला बाहेरून कडीच नाही. ते दार मी रोज पुसते. नुसतं ओढलं की बंद होतं. म्हणजे हा चौथ्या मजल्यावर चढलासुद्धा नव्हता. जबाब घेणाऱ्या पोलीस बाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही कुठं होता? कोण वर गेलं?" मी "माहीत नाही" म्हटलं, ते त्यांनी तसंच लिहून घेतलं. यानं माहीत नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ज्यानं हे केलं तो मोकळा होता, आणि माझा चेहरा आता त्याच्याही मोबाईलवर असणार.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी याला पाहिलं नव्हतं." वॉचमन हसला, "व्हिडिओत तर तीनदा हो म्हणालीस!"

मग मी एजंटच्या दुकानात गेले. "दादा, मी खोटं बोलले. तो व्हिडिओ काढा. आणि त्या दाराला बाहेरून कडी नाही."

"अहो मावशी, कडी काय नि लॅच काय, लोक बघायला जातायत का?" तो म्हणाला. "पैसे घेताना बरं वाटलं ना? दोन हजार आणा, मग काढतो."

उरले होते चारशे. तेवढे तिथंच ठेवले. पगार होईपर्यंत सहा दिवस होते, आणि रोज फाटकाशी येताना मी आधी इस्त्रीवाला उभा आहे का ते बघायची. पगाराच्या दिवशी लेकीला घेऊन गेले, सोळाशे त्याच्या टेबलावर ठेवले आणि तिथंच उभी राहिले.

"झालं, जा आता," तो म्हणाला.

"आधी काढा."

लेकीनं तिच्या मोबाईलवर पाहिलं आणि मान डोलावली. व्हिडिओ गेला होता. मग मी त्याला नोटा उचलू दिल्या. दोन हजार पुरे फिटले.