पिठल्याचं पातेलं

आई लोकांची भांडी घासायची तेव्हा थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या. चटणी झोंबायची, म्हणून जेवताना मी तिला घास भरवायचे. तिच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: खरकट्या भांड्यात पाणी घालून ठेवणारी आणि तशीच वाळू देणारी.

आता माझ्या पगारातून घरी डिशवॉशर आलाय! घरातली पहिली पदवीधर मी. माहितीपुस्तक अक्षर न् अक्षर वाचलं. खरकटं काढा, विसळू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि आई नळाखाली पातेलं धरून उभी.

"आई, विसळायचं नाही गं. सगळं मशीन करते."

"करते म्हणून तिच्या अंगावर वाळलेलं पिठलं टाकायचं होय?"

"तिला काही वाटत नाही."

"आम्हालाही वाटत नाही, असंच समजायचे लोक."

भांड्यात ओतलेलं तांब्याभर पाणी म्हणजे ते घासणाऱ्या हातांची आठवण ठेवणं. किती साधी गोष्ट, आणि किती घरांना सुचत नाही! पण मला आता हेच हात कोरडे हवे होते.

"एकदाच बघ," म्हणत मी खरकटं काढून पातेलं न विसळताच आत ठेवलं. मशीन थांबेपर्यंत दोघी समोर बसून राहिलो, निकालाची वाट बघावी तशा. दार उघडलं, वाफ आली. आईने पातेल्यात बोट फिरवलं.

"अगं, करकरतंय की!" ती ओरडलीच.

त्या दिवसापासून माझी आई भांडी घासत नाही.