वामननानांचा फळा

धरणगावात वामननानांना कुठलीही बातमी सांगितली की ते आधी दोनच प्रश्न विचारत. "कोनी सांगं? तू देखं का?" कोणी सांगितलं आणि तू स्वतः पाहिलंस का, याचं उत्तर मिळेपर्यंत ते हातात खडू घेत नसत.

नानांनी उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवला. छापखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या दारावरचा काळा फळा त्यांनी मागून घेतला आणि चौकात पत्र्याच्या छपराखाली टांगला. रोज सकाळी त्यावर चार-पाच बातम्या प्रमाण मराठीत आणि खाली नानांचा शेरा अहिराणीत. लोक बातमीपेक्षा शेऱ्यासाठी थांबत. पेपरचं पहिलं पान जाहिरातीला विकलं गेलं, त्या दिवशी नानांनी लिहिलं, "आज पहिलं पान इकेल शे. बातम्या दुसरा पानवर देखा." सोनं कडाडलं तेव्हा, "सोनं महाग व्हयनं. कापूसले कोनी इचारस नही." आता यंत्रच बातम्या लिहिणार असं आलं, तेव्हाचा शेरा मला पाठ आहे: "मशीन बठ्ठं लिखस म्हने. पन बांधवर जाईसन देखस का?"

यंत्र सगळं लिहितं म्हणे, पण बांधावर जाऊन बघतं का, हा शेरा मला टोचला होता. मी मूळचा धरणगावचा, पण आता जळगावात बातम्यांच्या एका वेबसाइटवर काम करतो आणि बांधावर काही जात नाही.

फळ्याचा एक नियम होता. चुकलेली बातमी पुसायची नाही. तिच्यावर आडवी रेघ मारायची, खाली खरं काय ते लिहायचं आणि चुकलेल्याचं नाव घालून तीन दिवस तसंच ठेवायचं. पुसून टाकलं तर ज्याने खोटं वाचलं त्याला कळणार कसं, असं नानांचं म्हणणं. एकदा एरंडोलची एसटी बंद असल्याचं त्यांनी लिहिलं आणि ती नेमकी त्यांच्यासमोरूनच गेली. तीन दिवस लोकांनी त्यांची भरपूर चेष्टा केली, नानाही हसत राहिले.

गेल्या हंगामात माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कापूस खरेदीचे अधिकारी सांगत होते की सोमवारपासून केंद्र सुरू होतंय. मी कामात होतो. कुठे फोन केला नाही, काही तपासलं नाही. नानांना पाठवून दिला आणि वर लिहिलं, 'स्वतःच बघा.'

नानांनी तो तीनदा पाहिला. त्या अधिकाऱ्यांना ते प्रत्यक्ष भेटलेले होते. चेहरा तोच, आवाज तोच. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, म्हणून त्यांनी लिहिलं.

सोमवारी केंद्राच्या बंद फाटकापुढे ट्रॅक्टरची रांग लागली. व्हिडिओ यंत्राने बनवलेला होता. दुपारी अवकाळी पाऊस आला आणि ट्रॉल्यांमधला कापूस भिजला. संध्याकाळी त्याच रांगेत उभे राहिलेले साहेबराव पाटील फळ्यापाशी आले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी तुमना फळा देखीसन गयथू, नाना."

नानांनी रेघ मारली. खाली लिहिलं, 'ही बातमी खोटी होती. चूक माझी. वामन.'

मी फोन केला आणि म्हणालो की व्हिडिओ मी पाठवला होता, माझं नाव लिहा. नाना म्हणाले, "फळावर कोनी लिखं? मी लिखं." मी फार आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

तीन दिवस झाले, आठवडा झाला, नानांनी ते पुसलं नाही. नवीन काही लिहिलंही नाही. लोक विनवून थकले. ते घराबाहेर पडेनासे झाले, जेवण सुटलं आणि माघात ते गेले.

स्मशानातून परतताना मी चौकात थांबलो. रेघ, कबुली, खाली वामन, सगळं तसंच होतं. फळ्याखालच्या फळीवर खडूचा तुकडा होता. मी खाली लिहिलं, 'तो व्हिडिओ न तपासता नानांना मी पाठवला होता. चूक माझी. प्रमोद.'

मागे साहेबराव उभे होते. त्यांनी सावकाश वाचलं आणि शांतपणे विचारलं, "नाना व्हतात तवय का बरं नही लिखं?"

मी खडू फळीवर परत ठेवला. साहेबराव घराकडे वळले.