सुतकातला रतीब

आमच्या चार म्हशींचं दूध वर्षानुवर्षं डेअरीला जायचं आणि फॅट कमी लागली म्हणून देतील तो दर घेऊन आम्ही मुकाट घरी यायचो. आईलाच एकदा त्याचा कंटाळा आला. "त्या मशिनीला काय कळतंय? लोकाच्या दारात नेऊन घालू," म्हणाली. मग माझ्या मोटारसायकलवर मागं बसून ती शेजारच्या लोहाऱ्यात दारोदार हिंडली. बोलायची ती, मी नुसता कॅन धरून उभा. वर्षभरात चाळीसेक घरांचा रतीब लागला. डेअरीचं तोंड बघायची गरज उरली नाही.

आई एका सकाळी गोठ्यातच बसली ती उठली नाही. दुपारपर्यंत सगळं उरकलं. मला रडू आलं नाही. संध्याकाळी म्हशी ओरडायला लागल्या, तेव्हा बादली घेऊन धारा काढायला बसलो. बरं वाटलं म्हणणार नाही. काहीच वाटलं नाही.

चुलते म्हणाले, "धा दिस रतीब बंद ठेव. सुतकातलं दूध कोण घेतंय? वासरांस्नी पाज." खरं होतं. पण दहा दिवसांत लोक पिशवीच्या दुधाला लागले असते, आणि आईनं जोडलेली घरं मी एकट्यानं परत कशी जोडणार होतो? मला तर धड बोलताही येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन बांधून निघालो. चुलते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या गावची बातमी लोहाऱ्यात पोचली नव्हती, आणि मी ती पोचवली नाही.

बाजाराजवळ एक लिंगायत आजी राहायच्या. कपाळावर विभूती, हातात पातेलं, मी जायच्या आधीच दारात. आईची आणि त्यांची गट्टी होती.

"आई बरी हाय का रं? आली न्हाय लई दिसांत."

"बरी हाय," मी म्हणालो.

तोंडातून सहज गेलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्याला लावायला तेल दिलं. ते मी घरी आणून फळीवर ठेवलं. पुढच्या एका घरात हेच दूध देवाला जातं, हेही मला माहीत होतं. माप ओतायचो आणि पुढं जायचो.

दहाव्याला डोकं भादरलं. अकराव्या दिवशी रुमाल घट्ट बांधून गेलो, तर मी वाकून दूध ओतत असताना आजींनी तो मागून उचलून बघितला. त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"कोण गेलं?"

मी सांगितलं. कधी, तेही सांगितलं.

"आणि मला गुडघा सांगत हुतास?"

"सुतक हुतं. दूध घेतलं नसतं तुमी."

"आमच्यात सुतक पाळत न्हाईत, लेकरा," त्या म्हणाल्या. "दूध घेतलं असतं की. आन् तवाच सांगावा धाडला असतास तर तिचं तोंड बघायला आले असते."

मला वाटलं, त्या चिडतील. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, मला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "कशानं गेली?" मी गोठ्यातलं सांगायला लागलो. ती बसली इथपर्यंत नीट सांगितलं. पुढचं सांगता येईना, आणि भर रस्त्यात मी हमसून रडायला लागलो.

पुढच्या घरांना त्या दिवशी दूध मिळालं नाही.