ब्रेक बघून येतो

आमच्या आणि धाकट्या दिरांच्या घराची भिंत एकच, त्यामुळे मी कान लावून ऐकलं असं कुणी म्हणू नये. मी स्वयंपाकघरात डाळ निवडत बसले होते. पलीकडे दीर आणि त्यांची बायको भांडत होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं त्यांच्या.

"ब्रेक बघायला गेला होतात ना?" धाकटी जाऊ विचारत होती.

"हो."

"सकाळी नऊला."

"असतील नऊ."

"आता अंधारून आलं. एवढा वेळ कसला ब्रेक बघत होतात?"

"अगं, ब्रेक कळतो तो उतारावर. आपलं गाव बघ, परातीसारखं सपाट. मग उतार शोधत गेलो."

"कुठवर?"

"सहा कोस."

"सापडला का?"

"सापडला की! झकास उतार. पण खाली नदी निघाली. नदीत नाव. नाववाला म्हणाला, एकाच माणसाची जागा उरलीय, येताय का? आता एवढं म्हणतोय माणूस..."

मी तोंडावर हात दाबून हसत होते. मग धाकटी बोलली ती अगदी हळू, पण भिंत पातळ होती.

"मी सात वर्षांची होते. माझे वडील दारातून 'आलोच' म्हणून गेले. अजून यायचेत."

माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. भावजी पाट ओढून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे बघ, जाऊ नका म्हणू नकोस, ते मला जमायचं नाही. पण निघताना मला काहीतरी आणायला सांगत जा. सांगितलेलं काम मी आजवर बुडवलेलं नाही. हवं तर वहिनींना विचार."

"काय आणायला सांगू?"

"काहीही. दिवस मावळायच्या आत लागणारं."

भांडी वाजली. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काडेपेटी."

भावजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच होतं. दारात हवा भरायचा पंप, पंक्चर शोधायला पाण्याची घमेली, छताला टांगलेली चाकं आणि सगळ्याला ग्रीसचा वास. डगमगणारं चाक ते बोटाने फिरवून, तारा पिळून असं सरळ करायचे की बघत राहावं. पण सायकल दुरुस्त झाली की ती चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा त्यांचा नेम. "जरा ब्रेक बघून येतो" म्हणायचे आणि टांग मारायचे. दुसरा कोणी कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल. हे कोपऱ्यावर गेले की त्यांना पुढचा कोपरा दिसायचा.

कुठे जायचं हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसायचं. वारा पाठीवर असेल तिकडे जायचे. रस्त्यात गवताची गाडी लागली तर ते गवत कोणाच्या गोठ्यात पडतं ते बघायला तिच्या मागे जायचे. मी एकदा विचारलं, "भावजी, आधी ठरवून गेलं तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "वहिनी, ठरवून गेलं की मी ठरवलेलंच बघत बसतो. बाकीचं निसटतं हो."

आमच्या गल्लीतल्या मास्तरांची सायकल तर मास्तरांपेक्षा जास्त गावं हिंडलेली होती. मास्तर यायचे, रिकाम्या जागेकडे बघायचे आणि विचारायचे, "माझी सायकल आज कुठल्या गावी?" चिडायचे, पण पुढच्या वेळी पुन्हा इथेच टाकायचे. भावजींनी दिलेली सायकल रस्त्यात कधी दगा द्यायची नाही. द्यायची कशी? बारा-पंधरा कोस रगडून आलेली असायची.

त्या भांडणानंतर एक रीत पडली. भावजींनी सायकल बाहेर काढून घंटी वाजवली की धाकटी खिडकीतून रिकामी काडेपेटी पुढे करायची. "ही घ्या. भरलेली आणा." ते पेटी सदऱ्याच्या खिशात घालायचे आणि जायचे. घरात दुसरी पेटी ठेवायची नाही, असा त्यांच्यात करार. चूल सकाळीच आटोपलेली. म्हणजे ते आले तरच कंदील लागणार. आणि ते यायचे. गुडघ्यापर्यंत धूळ, केसांत काटक्या, तोंडभर हसू, आणि खिशात लांबच्या कुठल्या तरी दुकानातली नवी पेटी. कंदील लागला की त्याच्या उजेडात कुठे कुठे गेलो ते सांगायचे. भिंतीमुळे मलाही फुकटात सगळं ऐकायला मिळायचं.

एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. एकदा मी मीठ मागायला गेले, तर धाकटी घाईघाईने पेटीतल्या चांगल्या काड्या एका डब्यात ओतत होती. बाहेर घंटी वाजत होती, आणि पेटी अजून संपलेली नव्हती!

"अगं, हे काय?"

"गप्प बसा हो ताई," ती म्हणाली. "रिकामी नको का द्यायला?"

अशा किती पेट्यांच्या काड्या त्या डब्यात गेल्या देव जाणे.

मग सात-आठ वर्षांनी तो दिवस आला. दिवस मावळला तरी घंटी ऐकू येईना. गल्लीत घरोघरी दिवे लागले, पलीकडे काळोख. मी गेले तर ही खिडकीशी बसलेली, हात मांडीवर. मी म्हटलं, "अगं, डबाभर काड्या आहेत तुझ्याकडे. लाव की कंदील."

"कशावर घासू?" ती म्हणाली. "पेटी त्यांच्याकडे आहे."

खरंच की. इतकी वर्षं हिने काड्या साठवल्या आणि पेट्या देऊन टाकल्या. त्या काळोखातसुद्धा आम्हा दोघींना हसू फुटलं. पण तिचं हसू लवकर संपलं. मी म्हटलं, "थांब, माझी पेटी आणते." तिने माझा हात धरला. "नको ताई. तुमच्या पेटीने लावला, तर ते आले नाहीत असं होईल."

मग मीही तिथेच बसले. तिचे वडील गेले त्या दिवशी तिच्याजवळ कोण बसलं होतं, ते काही मी विचारलं नाही.

घंटी ऐकू आली ती गल्लीच्या पार टोकापासून. भावजी सायकल ढकलत येत होते आणि ढकलता ढकलता सारखी घंटी वाजवत होते. दोन्ही चाकं पंक्चर! आणि पंक्चर काढायचं सगळं सामान दुकानात, कारण हे काय, जरा ब्रेक बघायला गेलेले. चार कोस चालत आले होते. गल्लीतली माणसं दारात येऊन हसत होती. मास्तर म्हणाले, "माझी सायकल तुम्हाला फिरवून आली की तुम्ही तिला?"

भावजींनी धाकटीच्या हातात पेटी ठेवली. तिने डब्यातली काडी घेतली, घासली, कंदील लावला. डबा बघून ते म्हणाले, "या कसल्या काड्या?"

"तुमच्याच," ती म्हणाली. आणि झाकण लावून डबा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भावजींनी दिवसभर दुकानातून पाय काढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सायकली कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणायचे. चौथ्या दिवशी धाकटी दुकानात येऊन उभी राहिली. मी पंपाशी होते.

"या सायकलचा ब्रेक बघितलात?"

"बघितला. चांगला आहे."

"ओझं असल्याशिवाय ब्रेक नीट कळत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," असं म्हणून ती मागे कॅरिअरवर बसली. घरातल्या चपला, हात अजून ओले. "चला. खिडकीत बसून खूप झालं."

भावजी माझ्याकडे बघायला लागले. मलाही काय सुचलं कोण जाणे, मी धावत घरात गेले, माझ्या पेटीतल्या काड्या वाटीत ओतल्या आणि रिकामी पेटी आणून धाकटीच्या हातात दिली. "भरलेली आणा."

संध्याकाळी आमचे हे कामावरून आले. "अगं, दिवा लाव की."

"पेटी नाही."

"का नाही?"

"दिलीय."

"कुणाला?"

"सायकलवर गेलीय."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावतील असं वाटलं.

ती दोघं आली तेव्हा हसून हसून त्यांना सरळ बोलता येत नव्हतं. दोन रस्ते फुटले तिथे भावजींनी विचारलं, कुठे? धाकटी म्हणाली, "तो ट्रक बघा, खुर्च्या भरलेला. एवढ्या खुर्च्या चालल्यात कुठे?" गेली दोघं त्याच्या मागे. खुर्च्या निघाल्या एका शाळेच्या. बक्षीस वाटायचं होतं आणि बोलावलेले पाहुणे काही आले नव्हते. यांनी आधी खुर्च्या मांडायला हात लावला. मग शाळेच्या मोठ्या बाईंनी यांनाच धरून पुढे बसवलं. भावजींना भाषण करायला लावलं. ते म्हणाले, "मुलांनो, साखळीला तेल घाला आणि वळणावर घंटी वाजवा," आणि खाली बसले. एवढं छोटं भाषण त्या शाळेने कधी ऐकलं नव्हतं, टाळ्या थांबेनात. आणि बक्षिसं दिली आमच्या धाकटीने, घरातल्या चपला घालून!

"ते सगळं राहू द्या," मी म्हटलं, "माझी पेटी कुठाय?"

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. भावजींनी तिथल्या तिथे सायकल वळवली. सांगितलेलं काम! आणि धाकटी पुन्हा मागे बसली. चौकातल्या दुकानापर्यंत एकट्याला जाता येत नव्हतं जणू.

त्यानंतर धाकटी पुष्कळदा त्यांच्याबरोबर गेली. गेली नाही त्या दिवशी खिडकीतून पेटी देत राहिली. विजेचे दिवे आले, शेगडीला लायटर आला, तरी पेटी सुटली नाही. डबा भरला, दुसरा भरला. ती पुन्हा कधी काळोखात बसलेली मात्र मला दिसली नाही. खिडकीशी बसायची, पण गुणगुणत.

भावजी ऐंशीचे होऊन झोपेतच गेले. ते मी इथेच सांगून टाकते, म्हणजे आदल्या दिवसाचं नीट सांगता येईल.

दुकान तेव्हा माझा मुलगा बघत होता. भावजींचे गुडघे गेलेले, टांग मारणं सुटलेलं. माझ्या नातसुनेच्या बाळाच्या बाबागाडीचं एक चाक कुरकुरत होतं, ते त्यांनी सकाळभर बसून, तेल घालून नीट केलं. जेवण झाल्यावर उठले आणि बाबागाडी घेऊन दाराबाहेर.

"भावजी, बाळ आत झोपलंय," मी ओरडले.

"बाळाचं काय काम? जरा चाक बघून येतो."

गाडीला घंटी नव्हती. त्यांनी तोंडानेच "ट्रिंग ट्रिंग" केलं. खिडकी उघडली आणि पेटी पुढे आली.

"भरलेली आणा."

ऊन उतरलं तसे ते परत येताना दिसले. रिकामी बाबागाडी ढकलणारा म्हातारा. रस्त्यातली एक बाई कौतुकाने आत वाकून बघते तर आत दुपट्यावर नीट पांघरूण घालून निजवलेली काडेपेटी. ती बाई बघतच राहिली. भावजींनी तिला बोटाने गप्प राहायची खूण केली.

"कुठवर गेला होतात?" धाकटीने खिडकीतून विचारलं.

"अगं, पाण्याच्या टाकीमागे नवा रस्ता काढलाय. काय उतार आहे म्हणून सांगू! एवढी वर्षं सहा कोस गेलो, आणि आता आपल्याच गावात उतार." त्यांनी पांघरूण काढून पेटी तिच्या हातात दिली. "उद्या तुला दाखवतो."

तिने पेटी हलवून बघितली. भरलेली होती.