हॉकीच्या बॅगेचा वास

परवा तळघर आवरताना मुलीची जुनी आइस हॉकीची बॅग उघडली, ओल्या ग्लव्ह्जचा आंबूस वास नाकात शिरला आणि आमचा तो शेजारी आठवून मला पुन्हा किळस आली. त्याचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच टीममध्ये होते, म्हणून मीच सौदा केला होता. हिवाळाभर पहाटे बर्फातून दोघांना प्रॅक्टिसला मी न्यायचं आणि इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मॅचला त्याने, कारण त्या कार्यक्रमात माझा धाकटा पहिल्यांदाच नाटकात उभा राहणार होता. त्याच्या मुलाच्या घामट बॅगेचा वास माझ्या गाडीच्या सीटमध्ये मुरला, तरी मी दोघांना नेत राहिलो. ठरल्या दिवशी तो नव्याकोऱ्या गाडीतून आला आणि काच अर्धी खाली करून म्हणाला, "यार, मुलगी बसू दे, बॅग नको. लेदर सीट्स आहेत." "आणि तुझ्या मुलाची बॅग?" "ती तुझ्याच गाडीत आहे ना? तीही घेऊन ये." मी भडकलो, पण मॅचची वेळ झाली होती आणि मुलगी रडवेली झाली होती. दोन्ही बॅगा घेऊन मी त्याच्या मागोमाग रिंकवर गेलो. तिथून मंडळाच्या हॉलवर पोचलो तेव्हा नाटक संपून खुर्च्या उचलत होते. मावळ्याच्या वेषातला धाकटा धावत येऊन बिलगला आणि लगेच नाक दाबून मागे सरकला, "ई, बाबा, यू स्मेल लाइक हॉकी!" तो शेजारी अजूनही दर संक्रांतीला हसत तिळगूळ पुढे करतो. मी घेतो, खिशात घालतो आणि घरी येऊन कचऱ्यात टाकतो.