ओल्या फिल्मवरचं वॉशर

फिल्म अजून ठिबकत होती. डॉक्टरसाहेबांनी ती खिडकीच्या उजेडाला धरली. "वॉशर गिळलंय."

पोर दीड वर्षाचं, मिठागराकडच्या गावातलं. सकाळपासून पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं, मग गप पडायचं, परत किंचाळायचं. फिल्मवर पोटाच्या मधोमध पांढरं गोल, त्याला भोक. बाप कंपनीत फिटर. त्यानं कपाळाला हात लावला, "माज्याच खिशातलं असंल." सगळ्यांना पटलं. मलाही.

"केळी चारा. दोन दिवसांत पडेल," साहेब म्हणाले.

ऐंशी सालानंतरची, वाशीतल्या एका दवाखान्यातली गोष्ट. मी सातवी नापास. फिल्म धुवायला लागलो आणि बघून बघून एक्स-रे काढायला शिकलो. बायको सुमन तिथंच आया.

मी पुढच्या पेशंटची फिल्म घेऊन डार्करूममध्ये शिरलो. आत लाल दिवा. दार उघडलं की फिल्म जळाली, म्हणजे काळी पडली. म्हणून सुमन बाहेरूनच बोलायची. आमचा अर्धा संसार त्या दारातून झाला.

"अहो."

"फिल्म उघडी आहे. थांब."

"थांबू काय? ते पोर घरी चाललंय. लंगोट बदलला मी त्याचा. रक्त आहे, शेंबडासारखं चिकट."

"वॉशर टोचलं असेल."

"कसलं वॉशर? करगोट्याला मागं भोकाचा पैसा बांधलाय. हात फिरवला होतात का?"

नव्हता फिरवला. पोराची आई म्हणाली होती, "करगोटा नाय सोडाचा, भगतानं बांधलाय." मी म्हटलं, असू दे. कमरेचा दोरा एक्स-रेत दिसत नाही, हे खरं. पाठीला लोंबणारा तांब्याचा पैसा दिसतो.

मी दार उघडलं. फिल्म गेली. जाणूनबुजून जाळलेली तेवढी एकच.

सुमननं आईला फाटकातून मागं आणलं. "सोड तो करगोटा."

"नाय बाय, नजर लागंल."

"पोर राहिलं तर लागेल ना! धर कात्री, तूच काप."

तिनं कापला. दुसऱ्या फिल्मवर गोल नव्हतं. काळ्या हवेच्या पायऱ्या होत्या. आतडं अडलं की आत हवा-पाणी साचून तशा दिसतात.

"चूक माझी, साहेब."

"गाढवा, मी घरी पाठवत होतो त्याला!" रक्ताचं ऐकून त्यांनी पोट परत चाचपलं. "आतड्यात आतडं शिरलंय." शर्टाची बाही आत दुमडते, तसं. उशीर झाला असता तर ते सडलं असतं.

ॲम्ब्युलन्स खाडीपूल ओलांडून गेली. मोठ्या हॉस्पिटलात खालून बेरियम सोडलं. ते पांढरं औषध पडद्यावर दिसतं. त्याच्या दाबानं आतडं मागं सरकलं. पोट फाडावं लागलं नाही.

पंधरा दिवसांनी आई पोराला घेऊन आली, सुमनला पिशवीभर मीठ घेऊन. पोराच्या कमरेला नवा करगोटा. सुमननं आधी मागं हात घातला. काही नव्हतं. दोघी हसल्या.

पुढं सोनोग्राफी आली. मी रिटायर झालो. दोन वर्षांपूर्वी सुमन गेली. अजून न्हाणीचं दार लावलं की कान बाहेरच असतो. तिला मी फार वेळा "थांब" म्हटलं.

नव्या पोरांना एवढंच सांगतो. फोटोआधी कमरेवरून हात फिरवा, मागूनसुद्धा. आणि दारातून कोणी "अहो" म्हटलं, तर फिल्म जळू द्या.