टिटवीपुढे टोपी काढणारे फादर

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या गोदामात फिलिपिनो कामगारांना भेटायला एक वयस्कर आयरिश पाद्री यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे फादरच म्हणायचे. भेटीगाठी उरकल्या की ते भर उन्हात समोरच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन उभे राहत. तिथं खडीत टिटवीनं अंडी घातली होती. एसीच्या गळणाऱ्या पाण्यात पोट भिजवून ती यायची आणि अंड्यांना गारवा द्यायला त्यांच्यावर बसायची. ती बसली की हे टोपी काढत, चर्चमध्ये काढावी तशी. टक्कल लालबुंद व्हायचं, पण माणूस हलायचा नाही.

आमचा ड्रायव्हर सावंतवाडीकडचा. वडील तिकडे दवाखान्यात, आणि इथं टिटवी सारखी ओरडतेय. एका दुपारी तो दगड घेऊनच निघाला. "साहेब, ही ओरडली की माणूस जातं." मीही लहानपणी तेच ऐकलेलं, म्हणून त्याला अडवलं नाही.

फादरनी मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ते हसले नाहीत. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाले, "भाई, मरनेवाले के घर मुझे बुलाते हैं. सारी उमर गया. यह वहाँ कभी नहीं मिली." मग प्रार्थनेसाठी त्याच्या वडिलांचं नाव विचारून घेतलं.

ड्रायव्हरनं नाव सांगितलं. मग हातातला दगड त्यानं अंड्यांच्या अलीकडे ठेवला आणि आणखी दगड आणून आडवी रांग लावली.

"ट्रक रिव्हर्स घेताना दिसायला पाहिजे," तो म्हणाला.

डोक्यावर टिटवी ओरडतच होती.